भोवऱ्याची मालकी कोणाची?

वेगाने फिरणारा भोवरा कलला तरी लगेच पडत नाही, हे कोणत्याही खेड्यातील पोराला ठाऊक असते. त्याला बाजूने हलकेच टोचले, तर तो टोचलेल्या दिशेला न जाता भलत्याच दिशेला कलतो, हेही त्याने पाहिलेले असते. या गमतीमागील गणित युरोपातील गणितज्ञांनी अठराव्या शतकात मांडले. पुढे १८५२ मध्ये फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पृथ्वीचे परिवलन दाखविण्यासाठी जे फिरते चाक वापरले, त्याला जायरोस्कोप हे नाव मिळाले. निसर्गाचा हा नियम कोणाच्या मालकीचा नाही आणि असूही शकत नाही. परंतु हाच नियम वापरून अवकाशातील यानाचे तोंड हव्या त्या दिशेला वळविण्याची युक्ती मात्र मालकीची होऊ शकते काय, आणि होत असेल तर कोठपर्यंत, या प्रश्नावर अमेरिकेत सुमारे पंचवीस वर्षे खटला चालला. त्याचा शेवट होईपर्यंत ज्याच्या डोक्यातून ती युक्ती निघाली तो अभियंता हयात नव्हता, त्याचे पेटंट मुदत संपून कालबाह्य झाले होते आणि ज्या यानांबद्दल भांडण होते त्यांपैकी कित्येक निकामी झाली होती.

पेटंट मिळण्यासाठी शोध नवा आणि उपयुक्त असला पाहिजे, हे सर्वांना माहीत असते. तिसरी अट तितकीशी परिचित नाही, आणि खरे वाद तिच्यावरूनच होतात. तो शोध त्या विषयातील सामान्य जाणकाराला सहज सुचण्याजोगा असता कामा नये, अशी ही अट आहे. अमेरिकेतील न्यायालयाने १८५१ मध्ये दाराच्या मुठीच्या एका खटल्यात तिचा पाया घातला. लाकडी किंवा धातूची मूठ चिनीमातीची केली, एवढ्याने शोध होत नाही. ते कुशल कारागिराचे काम झाले, असे तेथील सर्वोच्च न्यायालय म्हणाले. १९५२ च्या पेटंट कायद्यात ही अट शब्दांत आली. पुढे १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तपासण्याची रीत सांगितली. आधीचे ज्ञान काय होते, नव्या दाव्यात वेगळे काय आहे आणि सामान्य जाणकाराची पात्रता किती, हे तीन प्रश्न विचारावयाचे. त्यांच्या जोडीला, ती गरज किती दिवस अपुरी होती, इतरांचे प्रयत्न फसले होते काय आणि शोधाला व्यवहारात यश किती मिळाले, हेही पाहावयाचे. ही रीत ऐकावयास सरळ आहे. वापरताना ती किती अवघड होते, याचा पहिला मोठा धडा जायरोस्कोपनेच, आणि अवकाशयुग सुरू होण्यापूर्वीच दिला होता.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पोलादी युद्धनौकांवर आणि पाणबुड्यांवर चुंबकीय होकायंत्र भरवशाचे राहिले नव्हते. जर्मनीतील हेर्मान आन्श्युट्झ-केम्फे यांनी जायरोस्कोपवर चालणारे होकायंत्र बनविले. अमेरिकेतील एल्मर स्पेरी यांनीही तसेच यंत्र बाजारात आणले. आन्श्युट्झ यांनी स्पेरींवर १९१४ मध्ये फिर्याद केली. स्पेरींचा बचाव असा की, आन्श्युट्झ यांच्या यंत्रात विशेष काहीच नाही. व्हान डेन बोस या गृहस्थाने १८८५ मध्येच असल्या यंत्राचे पेटंट घेतले होते. न्यायालयाने या वादात तज्ज्ञ म्हणून आल्बर्ट आइन्स्टाइन यांना बोलाविले. बर्नच्या पेटंट कचेरीत काही वर्षे नोकरी केलेल्या या शास्त्रज्ञाचे मत अखेर आन्श्युट्झ यांच्या बाजूने गेले आणि १९१५ मध्ये निकालही त्यांच्या बाजूने लागला. १८८५ च्या कागदावर कल्पना होती. परंतु त्या कागदावरून चालणारे होकायंत्र तयार झाले नसते, असा या निकालाचा आशय सांगता येईल. सुचणे आणि साधणे यांत अंतर असते आणि ते अंतर ज्याने कापले, त्याला कायदा शोधक मानतो. हे तत्त्व न्याय्य आहे, यात शंका नाही.

आता अवकाशातील प्रकरणाकडे वळावयास हरकत नाही. १९५९-६० च्या सुमारास दूरसंदेशवहनाचा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, पृथ्वीच्याच गतीने फिरणाऱ्या कक्षेत ठेवावा, ही कल्पना नवी नव्हती. अडचण होती ती वजनाची. त्या वेळचे अग्निबाण इतक्या उंचीवर अगदी थोडे वजन नेऊ शकत. तेथे उपग्रह नेला तरी त्याची कक्षा किंचित दुरुस्त करावी लागते, आणि त्याचा आकाशक पृथ्वीकडे राहील अशा रीतीने त्याचे तोंडही सावरावे लागते. तिन्ही अक्षांभोवती उपग्रह स्थिर ठेवावयाचा, तर अनेक फवारे आणि अवजड नियंत्रक यंत्रणा हवी. हा सारा संसार घेऊन उपग्रह वर जाणार कसा?

ह्यूज एअरक्राफ्ट कंपनीतील डोनाल्ड विल्यम्स या अभियंत्याने या अडचणीतून वाट काढली. उपग्रहच भोवऱ्यासारखा फिरता ठेवला, तर त्याचा अक्ष आपोआप स्थिर राहतो. मग उपग्रहात निराळा जायरोस्कोप कशाला हवा, तो स्वतःच जायरोस्कोप झाला. राहता राहिला प्रश्न हा अक्ष हवा तसा वळविण्याचा. विल्यम्स यांनी अक्षाला समांतर, परंतु कडेला बसविलेला एक फवारा सुचविला. तो सतत चालू ठेवला, तर पूर्ण फेरीत त्याचे परिणाम एकमेकांना मारून टाकतात. तो प्रत्येक फेरीत ठराविक क्षणीच अल्पकाळ सोडला, तर मात्र प्रत्येक टोल्यास अक्ष थोडा थोडा कलत जातो आणि भोवऱ्याच्या नियमाप्रमाणे टोल्याच्या काटकोनात कलतो. दुसरा फवारा उपग्रहाच्या मध्यातून बाहेरच्या दिशेला रोखलेला. त्याचे टोले कक्षेतील वेग दुरुस्त करतात. परंतु फेरीतील नेमका क्षण ओळखावयाचा कसा? त्यासाठी उपग्रहावर सूर्यप्रकाश टिपणाऱ्या फटी होत्या. प्रत्येक फेरीत सूर्य समोर आला की ठोका पडे, तो ठोका जमिनीवरील केंद्राला कळे; तेथील माणसे गणित करीत आणि फवारा केव्हा सोडावयाचा याची आज्ञा वर धाडीत. बुद्धी जमिनीवर आणि स्नायू आकाशात, अशी ही विभागणी होती. उपग्रहाचे वजन त्यामुळेच आटोक्यात राहिले.

विल्यम्स यांच्या या योजनेसाठी एप्रिल १९६० मध्ये पेटंटचा अर्ज करण्यात आला. ऑगस्ट १९६१ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेने ह्यूज कंपनीला सिंकॉम उपग्रहांचे काम दिले. फेब्रुवारी १९६३ मधील पहिला सिंकॉम कक्षेत पोहोचताना मुका झाला. जुलै १९६३ मधील दुसरा यशस्वी झाला. कक्षेतील त्याचे वजन ३९ किलोग्रॅमच्या आसपास होते. तिसऱ्याने १९६४ मधील टोकियो ऑलिंपिकची चित्रे पॅसिफिक महासागरापलीकडे पोहोचविली. विल्यम्स १९६६ मध्ये वारले. त्यांचे पेटंट मंजूर झाले ते १९७३ मध्ये. अर्ज आणि मंजुरी यांमधील या तेरा वर्षांतच पुढील वादाचे मूळ आहे.

पेटंट कचेरीने एवढा काळ लावण्याचे एक मोठे कारण विल्यम मॅक्लीन हे होते. साइडवाइंडर या क्षेपणास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात. निर्वात अवकाशात स्वतःभोवती फिरत जाणाऱ्या अस्त्राला फवाऱ्याच्या टोल्यांनी वळविण्याची योजना त्यांनी मांडली होती. फिरते शरीर आणि ठराविक क्षणी दिलेला टोला ही दोन्ही अंगे त्यांत होती. मग विल्यम्स यांचे नवे काय, असा प्रश्न परीक्षकांनी विचारला आणि दावे नाकारले. अर्जदारांनी दाव्यांची भाषा बदलली. मॅक्लीन यांचे अस्त्र आपले आपणच लक्ष्य पाहते आणि वळते. विल्यम्स यांचा उपग्रह मात्र फेरीतील आपली स्थिती जमिनीवर कळवितो व तेथून येणारी आज्ञा पाळतो, हा भेद त्यांनी पुढे केला. या भेदाच्या आधारावर पेटंट मिळाले. म्हणजे, भोवऱ्याचा नियम नव्हे आणि फवाऱ्याचा टोलाही नव्हे, तर यान आणि जमीन यांच्यामधील ती संदेशांची देवघेव, हा या मालकीचा कुंपणदगड ठरला.

पेटंट मिळताच त्याच वर्षी ह्यूज कंपनीने अमेरिकन सरकारवर दावा लावला. तेथील कायद्यानुसार पेटंटधारक सरकारला यान उडविण्यापासून रोखू शकत नाही. त्याला केवळ भरपाई मागता येते. ही तरतूद शहाणपणाची आहे. परंतु मध्यंतरी तंत्र पुढे गेले होते. नव्या यानांवर संगणक होते. सूर्याचा ठोका केव्हा पडला, हे ती यानेच जाणत. जमिनीवरून आलेली आज्ञा साठवून ठेवीत आणि योग्य क्षणी स्वतःच अमलात आणीत. फेरीतील क्षणोक्षणीची स्थिती जमिनीवर कळविण्याची त्यांना गरज नव्हती. पेटंटचे शब्द जसेच्या तसे घेतले, तर ही याने कुंपणाबाहेर पडतात. सरकारचे म्हणणेही तेच होते; शिवाय मुळात हे पेटंटच टिकणारे नाही, अशीही सरकारची बाजू होती.

१९८३ मध्ये अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने पेटंट ग्राह्य धरले आणि संगणकवाली यानेही त्याच्या कक्षेत आणली. शब्द जुळत नसले तरी कार्य, रीत आणि फळ यांत सारभूत समानता असेल, तर तीही नक्कलच, हे तत्त्व न्यायालयाने लावले. विल्यम्स यांच्यानंतर निघालेल्या संगणकाने एखादी पायरी जमिनीवरून यानावर नेली, एवढ्याने मूळ युक्तीचे ऋण फिटत नाही, असा त्याचा अर्थ. पुढील हिशेबाला आणखी अकरा वर्षे लागली. १९९४ मध्ये सुमारे ३५८ कोटी डॉलर किमतीच्या यानांवर एक टक्का स्वामित्वशुल्क ठरले. विलंबाची भरपाई धरून ही रक्कम ११ कोटी डॉलरच्या वर गेली. मूळ शुल्कापेक्षा विलंबाचाच आकडा मोठा झाला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समानतेच्या तत्त्वाविषयी नवा निवाडा दिला आणि त्याच्या प्रकाशात हे प्रकरणही फेरविचारासाठी खाली पाठविले. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने आपलाच निर्णय कायम केला.

या निकालाचा पूर्वार्ध निर्विवाद न्याय्य म्हणावा लागेल. १९७३ मध्ये पेटंट हाती आले, तेव्हा विल्यम्स यांची पद्धत अवकाश उद्योगात इतकी रुळली होती की ती कोणालाही सहज सुचली असती, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु प्रश्न १९७३ चा नसून १९६० चा आहे. उत्तर कळल्यानंतर प्रत्येक कोडे सोपे वाटते. परीक्षेचा पेपर तपासणाऱ्या शिक्षकाला हा अनुभव नित्याचा असतो. सिंकॉमपूर्वी अनेकांना भोवरा ठाऊक होता, फवारा ठाऊक होता आणि रेडिओही ठाऊक होता. तरीही त्या उंचीवर नेता येईल इतक्या हलक्या, आज्ञाधारक उपग्रहात या तिन्हींची सांगड दुसऱ्यांनी घातली नव्हती. पुढे सारे जग ती घालू लागले, हीच ती सहज सुचण्याजोगी नसल्याची मोठी साक्ष होय.

उत्तरार्धाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. मॅक्लीन यांच्या योजनेपासून आपला शोध वेगळा दाखविताना ज्या अटीवर भर दिला, तीच अट पुढे वसुलीच्या वेळी गौण कशी ठरते? पेटंट कचेरीत दावा अरुंद करावयाचा, म्हणजे तो सहज सुचण्याजोगा ठरत नाही. आणि न्यायालयात तो रुंद करावयाचा, म्हणजे प्रतिपक्ष त्यात सापडतो, अशी सोय एकदा झाली की कुंपणाचे दगड रात्रीतून सरकविणाऱ्या शेजाऱ्याची आठवण होते. न्यायालयाने या आक्षेपाचा विचार केला नाही असे नाही. आधीच्या शोधापासून सुटका करून घेताना जेवढे सोडले तेवढेच गमावले, त्याहून अधिक नाही, असे उत्तर त्याने दिले. जमिनीवरील माणसांचे नियंत्रण संगणकवाल्या यानांतही होतेच, हाही त्याच्या युक्तिवादाचा भाग होता. तथापि, आपण कोणाच्या मालकीत शिरत आहोत, हे यान बांधणाऱ्याला आधी कळले पाहिजे, ही अपेक्षा अवास्तव नाही. पंचवीस वर्षांनी कळणारी हद्द ही हद्द नव्हेच.

त्यात मुदतीचा घोळ होता. त्या काळी अमेरिकेत पेटंटची सतरा वर्षे मंजुरीपासून मोजली जात. त्यामुळे १९६० चा शोध १९९० पर्यंत मालकीचा राहिला. मंजुरी जितकी लांबे, तितका उद्योग त्या तंत्रावर विसंबून राही आणि तितकी वसुलीही मोठी होई. १९९५ पासून तेथे नव्या अर्जांना अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे हा नियम लागू झाला. ही सुधारणा इष्टच होती.

याच क्षेत्रातील दुसरा खटला या विषयाची आणखी एक बाजू दाखवितो. कक्षा सावरण्यासाठी फवारा सोडला की उपग्रहाला क्षणिक झटका बसतो आणि त्याचे तोंड किंचित ढळते. मागील वेळच्या झटक्याचा अंदाज साठवून ठेवावा आणि पुढच्या वेळी तो बसण्यापूर्वीच उलट जोर द्यावा, अशी युक्ती फोर्ड एरोस्पेसमधील एका अभियंत्याने काढली. १९८५ मध्ये तिला पेटंट मिळाले. ती कंपनी पुढे लॉरल समूहाकडे गेली आणि लॉरलने लॉकहीड मार्टिनवर दावा लावला. अर्जाच्या वर्षभराहून आधी, १९८२ मध्ये, या सुधारणेचा प्रस्ताव एका फ्रेंच कंपनीला पाठविला होता; म्हणजे शोध आधीच विक्रीस काढला होता, म्हणून पेटंट रद्द, असे खालच्या न्यायालयाने ठरविले. २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. प्रस्तावात कल्पना होती, पण ती चालेल हे तोवर सिद्ध झाले नव्हते आणि दुसऱ्याला ती करून पाहता येईल इतका तपशीलही नव्हता, असे त्याचे कारण होते. पुन्हा तेच, १९१५ चे सूत्र: सुचणे वेगळे, साधणे वेगळे. या सूत्राचा लाभ कधी नव्या शोधकाला होतो, कधी जुन्या मालकाला. परंतु दोघांनाही एकच माप लावले गेले, ही समाधानाची गोष्ट आहे.

सहज सुचण्याजोगे काय, याचे माप अमेरिकेत गेल्या काही वर्षांत पुन्हा कडक झाले. मोटारीच्या पायपट्टीच्या एका खटल्यात २००७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सामान्य जाणकार म्हणजे यांत्रिक बाहुले नव्हे. त्यालाही सामान्य कल्पकता असते. दोन ज्ञात गोष्टी एकत्र आणा, असे कोठे छापलेले नाही, एवढ्यावर शोध ठरत नाही. हा विचार भारतीय वाचकाला नवा वाटू नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये विश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटल्यात हेच म्हटले होते. तेथे अवकाशयान नव्हते. लेथवर भांडे पकडून ठेवण्याची एक युक्ती होती. कारखान्यातील किरकोळ सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असे सांगून न्यायालयाने ते पेटंट टिकू दिले नाही. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी शोधाच्या या पायरीची व्याख्याही दिली आहे.

भारताला हा प्रश्न आता दुरून पाहण्याचा राहिलेला नाही. १९७५ मधील आर्यभट्ट हा स्वतःभोवती फिरत स्थिर राहणारा उपग्रह होता. १९८१ मधील ॲपलने तिन्ही अक्षांवर स्थिर राहण्याची विद्या आपल्याकडे आणली. थिरुवनंतपुरम येथील इस्रोच्या केंद्रात जायरोस्कोप आणि यान वळविणारी फिरती चाके तयार होतात. २०२० पासून अवकाशक्षेत्र खासगी उद्योगांस खुले झाले आणि २०२३ मध्ये त्याचे धोरणही आले. जोवर सारे काम एका सरकारी संस्थेत होते, तोवर पेटंटचा वाद हा कचेरीतील कागदाचा विषय होता. चार तरुण अभियंत्यांनी काढलेल्या कंपनीवर असा दावा झाला, तर पंचवीस वर्षे न्यायालयात उभे राहण्याचे बळ तिच्याकडे कोठून येणार? अमेरिकन सरकारला जे परवडले, ते तिला परवडणार नाही.

यावर उपाय पेटंट नाकारण्यात नाही. विल्यम्स यांच्यासारख्याला त्याचे देणे मिळाले नाही, तर बुद्धी खर्चावयास कोण पुढे येईल? उपाय आहे तो हद्द वेळीच आणि नीट आखण्यात. आपल्या कायद्याने त्यासाठी एक दार मुद्दाम उघडे ठेवले आहे. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणत्याही व्यक्तीला हरकत घेता येते. मंजुरीनंतरही एक वर्षापर्यंत हितसंबंधी व्यक्तीला ती घेता येते. परंतु हरकत घ्यावयाची, तर पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे तारखेसह प्रसिद्ध झालेले लिखाण. अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी जे प्रकल्प होतात, त्यांतील बहुतेकांच्या वह्या कपाटात धूळ खात पडतात. त्या छापल्या गेल्या, नोंदल्या गेल्या, तर उद्या एखाद्याने सहज सुचण्याजोग्या गोष्टीवर मालकी सांगितली असता त्याच वह्या साक्षीला उभ्या राहतील. आणि त्यांत एखादी खरोखर नवी युक्ती असेल, तर तिचा अर्ज आधी करून मग ती छापावी, हे भानही विद्यार्थ्यांना शिक्षकांनीच दिले पाहिजे. परीक्षकांची संख्या आणि तयारी वाढविणे हे सरकारचे काम. कारण घाईने दिलेले पेटंट आणि तेरा वर्षे लांबलेले पेटंट, दोन्ही सारखीच घातक असतात.

भोवरा सर्वांचा आहे आणि सर्वांचाच राहिला पाहिजे. त्याला नव्या रीतीने फिरविणाऱ्याला काही काळ मोबदला मिळावा, हे रास्त आहे. मात्र कोणती रीत नवी आणि कोणती जुनीच, हे ठरविण्याचे काम केवळ वकिलांवर सोडले, तर त्याची किंमत अखेर करदात्याच्या खिशातून जाते, हा ह्यूज प्रकरणाचा धडा आहे.